निसारभाईंचा कान

शुभांगीने दोन्ही कानांवर हात ठेवले, रोहितची मान खांद्यांत गेली, आणि त्या दोघांच्या मध्ये स्टुलावर गिटार घेऊन बसलेल्या निसारला काहीच ऐकू आले नाही. म्हणजे नुकत्याच छेडलेल्या तारेचा विरत चाललेला नाद होता, डोक्यावरच्या पंख्याची घरघर होती, खालच्या गोदामात द्राक्षांची पुठ्ठ्याची खोकी रचली जात होती त्यांची धपधप होती. परंतु ज्या ध्वनीने दोन जाणत्या माणसांचे चेहरे एकाच वेळी आक्रसले, तो ध्वनी त्याच्या कानांच्या उंबरठ्यापर्यंत आलाच नाही. अर्धा क्षण तसाच गेला. मग निसारनेही कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या घालायला उशीर झाला हे त्याचे त्यालाच उमगले, आणि कुणी पाहिले की काय म्हणून त्याने डोळे वर केले. कुणी पाहिले नव्हते.

“आई गं! केवढी ही शिट्टी,” शुभांगी म्हणाली. “कानात सुई घालावी तशी.”

“अ‍ॅडॅप्टरची आहे ताई. थांबा, प्लग बदलून बघतो.” रोहित रॅकच्या मागे वाकता वाकता थांबला. “भाई, दोन नंबरमधूनच येतेय ना? का एकमधूनही होती थोडी?”

“दोनमधूनच,” निसार म्हणाला. हे उत्तर त्याने दोन नंबर लागताच शुभांगीच्या कानांवर गेलेल्या हातांकडून घेतले होते. आपल्या तोंडून ते इतक्या सहजपणे निघाले याचेच त्याला भय वाटले.

अंबडच्या त्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, दुपारी तापलेल्या पत्र्याखाली, तिघे जण एका पेटीची निवड करायला जमले होते. गिटारच्या तारेतून निघणारा स्वर अत्यंत कृश असतो. तो प्रथम ज्या पेटीत शिरतो, बळ आणि वर्ण घेऊन बाहेर पडतो आणि मग पुढच्या यंत्रांच्या स्वाधीन होतो, ती पेटी म्हणजे प्रीअ‍ॅम्प. चाके लावलेल्या लोखंडी रॅकमध्ये ही पेटी सर्वांत वर बसते. तिच्याखाली बाकीची यंत्रे एकेका खणात स्क्रूने आवळलेली असतात. कार्यक्रम कॉलेज रोडच्या सभागृहात असो की वणीच्या गडाखालच्या मांडवात, रॅक ढकलत न्यायचा आणि एक वायर जोडायची. निसारची जुनी पेटी, जिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत, दोनेक वर्षांपासून मंद वाजू लागली होती. तिची धार गेली, आतली व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या तापत्या नळ्या, थकली, असे निसारने सांगितले आणि सर्वांनी ते मानले, कारण गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या त्यांच्या या संचात आवाजाबाबत निसारभाईंचा कान हा शेवटचा शब्द होता. संच त्यानेच उभा केला. रोहितला आवाज जुळवायचा मिक्सर शिकवला तो त्याने, आणि शिकवताना पहिलाच दंडक घातला की गिटारच्या चॅनलला हात लावायचा नाही; ती जशी येईल तशी लोकांपर्यंत जाऊ द्यायची. आजची रीतही त्याचीच होती. कोणतेही यंत्र घ्यायचे तर त्यावर कापड टाकून घ्यायचे. नाव दिसले की कान खोटे बोलतो, असे तो म्हणे. त्यानुसार मुंबईहून पारखून पाहण्यासाठी आणलेल्या पेट्या रोहितने रॅकवर रचून त्यांवर चादर टाकली होती, आणि एक बटण दाबले की एक, दुसरे दाबले की दोन, तिसरे दाबले की तीन, अशी जुळणी केली होती.

“तुम्ही घ्या हो तुम्हाला हवी ती,” शुभांगी समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली. पर्समधून तिने ज्येष्ठमधाचा तुकडा काढून दाढेखाली धरला. “मला काय, वणीचा कार्यक्रम झाला की मी मोकळी.”

“मोकळी म्हणजे?” निसारने विचारले.

“म्हणजे थांबतेय. कालच घरी सांगून टाकलं. तुम्हाला आज सांगायचं होतं.” ती हसली, पण ते हसू ओठांपाशीच राहिले. “माझा शब्द आता गिटारच्या वर येत नाही, निसारभाई. पट्टी उतरवून पाहिली. दही सोडलं, लोणचं सोडलं, वाफारे घेऊन घेऊन चेहऱ्याचं भरीत झालं. डॉक्टर म्हणतात, सूज आहे, तुम्ही रेटून गाता. आता न रेटता गायलं तर मला मीच ऐकू येत नाही, मग पाचव्या रांगेतल्या माणसाला काय ऐकू येणार? शाळेत मुलांना शिकवते तेवढं बास. अब्रूने थांबावं.”

“असं कसं,” निसार म्हणाला. गेली सतरा-अठरा वर्षे ज्या गळ्याच्या आधाराने तो आपल्या बोटांना वळण देत आला होता, तो गळा असा समोर बसून, ज्येष्ठमध चघळत, आपलाच निरोप सांगत होता. दुःख व्हायला हवे होते, आणि झालेही. परंतु त्याखाली दुसरेच काहीतरी सळसळत होते. ती शिट्टी. ती शिट्टी कुठे होती?

रॅकच्या मागून रोहित काही बोलला. निसारला बोलण्याचा आवाज आला, त्यातले स्वर आले, प्रश्नाचा चढ आला. परंतु शब्दांच्या कडा आल्या नाहीत. पाण्यात बुडवलेल्या कागदावरची शाई पसरावी तसे ते वाक्य पसरट होऊन त्याच्यापर्यंत पोहोचले. शुभांगीने मात्र तत्काळ उत्तर दिले, “हो, लाव की, इथला पंखा बंद केला तरी चालेल.” आणि तेव्हा निसारच्या ध्यानात आले की शुभांगीचे एवढे मोठे बोलणे आपल्याला अक्षरन् अक्षर कळले ते ती समोर बसली होती म्हणून, आणि रोहित पाठमोरा होता म्हणून त्याचे एक साधे वाक्य हरवले. आपण ऐकत नव्हतो. आपण पाहत होतो.

मालेगावात, पत्र्याच्या ज्या शेडमध्ये त्याचे अब्बा यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर होते, तिथे कुणीच कुणाला ऐकत नसे. ओळीने उभे असलेले माग एकाच वेळी धडाडत, आणि त्या गदारोळात माणसाचा आवाज म्हणजे नुसता ओठांचा आकार उरे. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. तळहात गालाला लावला की पाळी संपली, घरी जाऊन झोप. बाकी सारे ओठांवरून. अब्बांचा डबा घेऊन जाणाऱ्या निसारला अक्षरे गिरवण्याआधी ओठ वाचता येऊ लागले होते, आणि ही काही विद्या आहे असे त्याला कधी वाटलेच नाही. मोहल्ल्यातल्या सर्वांनाच ती येत होती. मागांनीच त्याला लय दिली. धोटा इकडून तिकडे जाई, फणी आपटे, पुन्हा धोटा. त्या आवर्तनात त्याची बोटे विजारीवर आपोआप ताल धरीत. अब्बा बिघडलेल्या मागाच्या लाकडावर पंजा टेकवून डोळे मिटत आणि दोष कुठे आहे ते सांगत. लोक त्याला अब्बांचे कसब म्हणत. ते कान गेलेल्या माणसाने शोधून काढलेले दुसरे दार होते, हे निसारला फार उशिरा कळले, आणि कळल्यावरही त्याने ते मनाच्या तळाशी दडपून ठेवले. घरी अम्मी त्यांच्यासमोर येऊन बोले. पाठीमागून हाक मारली की अब्बा वळत नसत. “मेरे को सब सुनाई देता,” ते चिडून म्हणत, “तुम लोगच मुँह में बोलते.”

त्याच वाक्याचा मराठी अवतार निसारने परवाच आपल्या मुलीला ऐकवला होता. मेहविश म्हणाली होती, “अब्बू, टीव्ही केवढ्याने लावलाय, जिन्यापर्यंत येतोय,” आणि तो म्हणाला होता, “मी काय करू, हल्लीच्या मालिकांतली माणसं पुटपुटतात.” तेव्हा तो मनापासून म्हणाला होता. माणसे खरोखरच पुटपुटू लागली आहेत, असे त्याचे प्रामाणिक मत होते. सभागृहांचे पडदे आवाज पितात, नव्या तारांत पूर्वीचे पाणी नाही, आणि म्हातारीची धार गेली आहे, ही सारी मते त्याने अशीच प्रामाणिकपणे बाळगली होती. दुसऱ्या कुणाला कान जाताना कळले असते. निसारचे डोळे लहानपणापासून कानांच्या वाट्याचे काम न बोलता करीत आले होते. थोरल्या भावाने धाकट्याचे ओझे इतके निमूटपणे उचलावे की धाकट्याच्या हातातले बळ गेल्याचे घरात कुणालाच कळू नये, तसे झाले होते.

“गेली ना शिट्टी?” रोहित उठून उभा राहिला.

निसारने शुभांगीकडे पाहिले. तिचे खांदे सैल होते. “गेली,” तो म्हणाला.

“चला मग. भाई, तुमचं ते नेहमीचं वाजवा. ताई, तुम्ही नुसतं गुणगुणा, रेटू नका. एक नंबर.”

निसारने वाजवले. पहिली पेटी त्याला बरी वाटली, जरा सपाट. दुसरीचे बटण दाबताच तार झळाळून उठली, जणू मळभ सरून ऊन पडावे, आणि त्याच्या छातीत आनंद भरून आला. हाच तो आवाज. हीच धार दोन वर्षे आपण शोधत होतो. ‘हीच’ असे म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडले आणि त्याच क्षणी, नकळत, समोरच्या चेहऱ्याकडे पाहिले. शुभांगीने डोळे बारीक केले होते. गुणगुणताना तिची हनुवटी वर उचलली जात होती, मानेवरची शीर तटतटली होती. ती रेटत होती. खोलीत तिघांखेरीज कुणी नव्हते, ऐकवायचे कुणाला नव्हते, तरीही तिचा गळा कशाच्या तरी वर चढू पाहत होता.

निसारचा हात चालत राहिला. त्याच्या मनात एकामागून एक सभागृहे येऊ लागली. प्रत्येक सभागृहात त्याचा स्पीकर शुभांगीच्या पाठीशी, तिच्या कानाच्या उंचीवर. कार्यक्रमाआधी म्हातारीसमोर बसून ट्रेबलचा, म्हणजे वरच्या आवाजांना धार देणारा, नॉब किंचित पुढे ढकलणारी आपलीच दोन बोटे. पुढच्या कार्यक्रमाला आणखी किंचित. स, श, च, त, ज्यांच्यामुळे शब्द शब्द होतो त्या साऱ्या कडा जिथे राहतात, स्वरांच्या त्याच उंचीवर त्याने दर वेळी गिटारची थोडी थोडी राख पसरली होती, आणि ती बाई त्या राखेतून आपला शब्द बाहेर काढण्यासाठी गळा सोलवटत होती. तिने दही सोडले. तिने पट्टी उतरवली. आता ती गाणे सोडणार होती. आणि त्याला स्वतःला त्या काळात वाटत होते काय? तर शुभांगीचे उच्चार हल्ली पुसट होत चालले आहेत. एकदा हलक्या आवाजात, मोठ्या माणसाने सांगावे तसे, त्याने तिला ते सांगितलेही होते. ती मान खाली घालून ‘हो’ म्हणाली होती.

“तीन नंबर,” रोहित म्हणाला.

तिसरी पेटी निसारला घोंगडीखालून आल्यासारखी ऐकू आली. तारेवर बोट पडल्याचे बोटाला कळे, कानाला कळत नसे. परंतु समोर शुभांगीची हनुवटी खाली आली. डोळे मिटले गेले. गुणगुणण्यात शब्द येऊ लागले आणि ती कधी गाऊ लागली ते बहुधा तिलाही समजले नाही. तिने खुर्चीच्या हातावर ताल धरला होता.

“ही!” डोळे उघडून ती म्हणाली. “काय गोड आहे हो ही. निसारभाई, हीच घ्या. मी असेन-नसेन, पण हीच घ्या.”

रोहित हसत नव्हता. त्याने चादरीचे टोक हातात धरले होते आणि तो चादर ओढावी की नाही अशा विचारात उभा होता. निसारने त्याच्याकडे पाहिले, आणि त्या मुलाच्या नजरेत, ज्याला तो अजूनही मुलगाच समजत होता, त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. तो क्षमा मागत होता.

रोहितने चादर काढली. सर्वांत खाली, कोपरे झिजलेली, एका बाजूला चिकटपट्टी लावलेली म्हातारी मंद केशरी उजेडात तेवत होती.

“ही तर आपलीच!” शुभांगी खळखळून हसली. “चोरा! काय केलंस तिला? दुरुस्त करून आणलीस?”

“काहीच नाही केलं ताई. नुसतं ट्रेबल कमी केलं. होतं त्याच्या निम्म्यावर आणलं.”

“एवढंच?” तिचे हसू ओसरले. “मग हिला झालं होतं काय? निसारभाई?”

उत्तर तयार होते. व्हॉल्व्ह म्हातारी झाली की कधी कधी असे होते, थंडीत एक वाजते, उन्हाळ्यात दुसरे. एवढे म्हटले असते तर पुरे होते. त्या खोलीत त्याच्या शब्दावर शंका घेणारे कुणी नव्हते. शुभांगीने मान डोलावली असती, रोहितने स्क्रू आवळले असते, आणि पेटी कोणतीही असो, तिचा ट्रेबलचा नॉब पुढच्या महिन्यापर्यंत त्याच्या दोन बोटांनी पुन्हा पुढे ढकलला असता. ते वाक्य त्याच्या जिभेवर आले. त्याची चव त्याला ओळखीची वाटली. अब्बांच्या घरातली होती ती. आणि समोर ती वाट पाहत होती, ओठ किंचित विलग, जणू तिच्या गळ्याचा निकाल त्याच्याकडून यायचा होता.

“हिला काही झालं नाही,” निसार म्हणाला. “मला झालंय. ती मघाची शिट्टी मला ऐकू आली नाही, शुभांगी. मुळीच नाही. तुमच्या तोंडांकडे बघून मी आठ्या घातल्या.”

खालची धपधप थांबली होती. कुणी तरी मजुरांना चहाला बोलावले असावे.

“म्हणजे?” ती म्हणाली.

“म्हणजे वरचे आवाज मला येत नाहीत. कधीपासून ते सांगता येणार नाही. ते येत नव्हते म्हणून मी ट्रेबल वाढवत गेलो. मला वाटलं पेटी गेली. तुझा आवाज उत्तम आहे. तो मी झाकत होतो.”

निसारला वाटले, ती आता रडेल, किंवा उठून आपल्या खांद्यावर हात ठेवील. आणि या दोहोंपैकी काहीही घडले असते तर त्याला ते सोसले नसते. तिने तोंडातला ज्येष्ठमधाचा तुकडा काढला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “दोन वर्षं मी आरशासमोर तोंड उघडून उभी राहते, निसारभाई! आत बॅटरी मारून बघते! मला म्हणालात, उच्चार सांभाळ. म्हणालात की नाही?”

“म्हणालो.”

“मी घरी जाऊन बाराखडी म्हणत बसले. या वयात! नवरा विचारतो, पहिलीत नाव घातलंस का?” तिचा आवाज चढला, आणि चढताना त्याला कुठेही खरखर लागली नाही. ती रोहितकडे वळली. “आणि तू रे? तुझे कान तर धड आहेत ना? तुला ऐकू येत होतं ना?”

रोहितने मान खाली घातली. “येत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“भाईंना कोण सांगणार, ताई? मला वाटलं, ते म्हणतात म्हणजे बरोबर असेल. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आज ती तीन नंबरला लावली ती... म्हटलं, त्यांचं त्यांनाच कळेल.”

“वा. एकाचा कान गेला, दुसऱ्याची जीभ गेली, आणि वाफारे कोण घेतंय तर मी!”

निसारला हसू आले. ते अगदी अयोग्य वेळी आले, आणि दाबता दाबता त्याच्या डोळ्यांत पाणी आणून थांबले. शुभांगीने ते पाहिले, पण ती वितळली नाही. रागाला अजून बराच वाव आहे असा तिचा चेहरा होता. ती उठली, रॅकपाशी गेली आणि म्हातारीसमोर उकिडवी बसली.

“ट्रेबल म्हणजे कुठलं? हे?”

“ते नाही ताई, त्याच्या शेजारचं.”

“आजपासून याला मी हात लावणार. तुम्ही नाही. कळलं?”

“कळलं,” निसार म्हणाला.

“आणि डॉक्टरकडे जायचं. माझेच डॉक्टर कानांचंही बघतात. उद्याच्या उद्या.”

“जाईन.”

“मी घेऊन जाणार आहे. तुमच्या ‘जाईन’वर विश्वास नाही माझा. रोहित, हिला वर चढव. त्या मुंबईच्या पेट्या परत पाठवून दे.”

रोहितने स्क्रू आवळले. निसार स्टुलावर बसून ते पाहत राहिला. उद्यापासून आपण काय आहोत, हा प्रश्न त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता. ज्या कानावर चार माणसे विसंबत, तो कान आता सर्वांसमोर उघडा पडला होता. यापुढे तो जे वाजवील ते कसे वाजले, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागेल. बोटांवर भरवसा ठेवून, न ऐकलेला स्वर लोकांपुढे ठेवावा लागेल. हे कितपत जमेल? आणि वरून उतरू लागलेला हा अंधार किती खालपर्यंत येईल? त्याने सवयीने नॉबकडे हात नेला. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि हात तारांवर आणून ठेवला.

“घ्या,” शुभांगी उभी राहूनच म्हणाली. “वणीचं पहिलं. जुन्या पट्टीत.”

त्याने सुरुवात केली. त्याला आपली गिटार दूर कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी वाजवावी तशी वाटत होती. तो तालाच्या आधाराने चालत राहिला. शुभांगीने पहिली ओळ घेतली. दुसरी घेतली. या दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, वरच्या स्वराला हात घालण्यापूर्वी, अलीकडे ती श्वासासाठी थांबू लागली होती, आणि ती उघडी जागा दिसू नये म्हणून निसारने तिथे एक लहानशी सुरावट बसवली होती. लोकांना ती इतकी आवडे की तिथे नेमकी टाळी पडे. आताही बोटे त्या जागेशी आली आणि सुरावट वाजू लागली. परंतु शुभांगी थांबलीच नव्हती. तिचा श्वास ओळ ओलांडून वरच्या स्वरापर्यंत सरळ निघाला होता, आणि निसारची सुरावट भर मध्यावर तिच्या शब्दावर जाऊन आदळली.

ती गाता गाता थांबली. मागे वळून तिने त्याच्याकडे पाहिले. राग होताच, परंतु त्यात आता एक नवलही मिसळले होते.

“निसारभाई,” ती म्हणाली, “मी गातेय अजून.”

“हो,” निसार म्हणाला. त्याने तारांवर तळवा ठेवून त्या शांत केल्या. “पुन्हा घे. मी वाट मोकळी ठेवतो.”